लेबलवर किती, लोडवर किती? विजेच्या परीक्षेची दोनशे वर्षं



'लोड' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना माहीत झाला तो लोडशेडिंगमुळे. वर्तमानपत्रांनी त्याला 'भारनियमन' असं नेटकं नाव दिलं, पण घरात आपण म्हणत राहिलो लोडशेडिंगच. त्यातूनच आपल्या घरी इन्व्हर्टर आला, आणि त्याच्याखाली 'दीडशे एएच' असं लिहिलेली ती जड बॅटरी. आजचा आपला विषय हा लोड आहे, फक्त थोड्या वेगळ्या अर्थाने. वीज देणाऱ्या कुठल्याही वस्तूला, मग ती बॅटरी असो, मोबाइलचा चार्जर असो किंवा संगणकाचा पॉवर सप्लाय असो, "तू सांगतोस तेवढी वीज देऊन दाखव" असं म्हणणारं जे उपकरण असतं, त्याला लोड म्हणतात. हे उपकरण कुठून आलं आणि आज ते घरच्या टेबलावर कसं बांधता येतं, ते मी तुम्हाला सांगणार आहे.

आधी लोड लागतोच कशाला, ते पाहू. बाजारातून १२ व्होल्ट, २ अँपियरचा अडॅप्टर आणला. मल्टीमीटर लावला, १२ व्होल्ट दिसले. आपण खूश! पण या मोजणीत अडॅप्टरने काहीच काम केलेलं नाही. रिकामी बैलगाडी ओढणाऱ्या बैलाला पाहून तो दहा पोती ओढेल की नाही ते कळत नाही, तसंच हे. २ अँपियर वाहू लागल्यावर व्होल्टेज बारावर टिकतं, की नऊवर घसरतं, की अडॅप्टर तापून बंद पडतो? लेबल हा केवळ दावा असतो. त्याचा पुरावा लोड लावल्यावरच मिळतो. आणि हा पुरावा मागायची साधनं कोणाच्या हातात आहेत, हा प्रश्न विजेच्याही आधीचा आहे.

ब्रेकपासून सुरुवात

अठराव्या शतकाच्या अखेरीस वाफेची इंजिनं विकली जाऊ लागली. विकणारा सांगायचा, हे इंजिन इतक्या घोड्यांचं काम करतं. घेणाऱ्याने ते तपासायचं कसं? १८२१ च्या सुमारास फ्रान्समधले अभियंते गास्पार द प्रोनी यांनी एक साधी युक्ती काढली. इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर दोन लाकडी ठोकळे स्क्रूने घट्ट आवळायचे, त्यांना एक लांब दांडी जोडायची आणि दांडीच्या टोकाला वजनं टांगून तोल साधायचा. इंजिन फिरत राहतं, ठोकळे घासत राहतात आणि इंजिनाची सगळी ताकद उष्णता होऊन निघून जाते. वजन, दांडीची लांबी आणि फेऱ्यांचा वेग यांवरून खरी ताकद काढता येते. 'ब्रेक हॉर्सपॉवर' हा शब्द याच पद्धतीतून आला. म्हणजे एखादं यंत्र किती देतं हे मोजायचं असेल, तर ते देईल ते सगळं मोजून-मापून जाळणारं दुसरं काहीतरी हवं. आपला इलेक्ट्रॉनिक लोड हा विजेसाठी केलेला प्रोनीचा ब्रेकच आहे.

ओहमचा नियम आणि लोडची परीक्षा

आता जर्मनीत कोलोनला जाऊ. तिथल्या एका शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारे गेओर्ग ओहम वेगवेगळ्या लांबीच्या तारांमधून किती प्रवाह वाहतो ते मोजत होते. पण त्यांचा विजेचा स्रोतच दगा देत होता. त्या काळच्या रासायनिक बॅटऱ्या तार जोडली की आधी उसळायच्या आणि मग मंदावायच्या. त्यामुळे १८२५ साली त्यांनी मांडलेलं पहिलं सूत्र चुकलं. तेव्हा योहान पोगेनडॉर्फ या संपादकांनी त्यांना सुचवलं की बॅटरीऐवजी थर्मोकपल वापरा. तांबं आणि बिस्मथ या धातूंचा एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्ही तापमानं हलत नाहीत, म्हणून वीजही स्थिर राहते. मग ओहमनी एकाच जाडीच्या, पण निरनिराळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागोमाग एक जोडल्या आणि टांगलेल्या चुंबकसुईवर प्रवाह मोजला. १८२६ साली खरं सूत्र हाती आलं आणि पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक निघालं.

ते सूत्र नीट पाहिलं तर त्यात प्रवाहाला भागणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक, बाहेर जोडलेल्या तारेचा रोध. दुसरी, परिपथाच्या उरलेल्या भागाचा म्हणजे स्रोताचा स्वतःचा रोध. आज आपण याला अंतर्गत रोध म्हणतो. शाळेत आपण बाहेरच्या रोधाचं सूत्र पाठ करतो आणि आतला रोध विसरून जातो. पण अडॅप्टर असो वा बॅटरी, लोडखाली व्होल्टेज घसरतं त्याचं मोठं कारण हा आतला रोध. आठ तारा पाळीपाळीने जोडून एकाच स्रोताचं वागणं टिपणं याला आजच्या भाषेत लोड टेस्टच म्हणावं लागेल. विजेचा सगळ्यात प्रसिद्ध नियम लोडच्या परीक्षेतून जन्माला आला, असं मी म्हणतो ते यामुळे.

पुढची दोन पावलं इंग्लंडमध्ये पडली. १८४१ मध्ये जेम्स जूल यांनी दाखवलं की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढे आपल्याला तो छळणार आहे. १८४३ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी हवा तसा रोध कमी-जास्त करायचं उपकरण रॉयल सोसायटीपुढे मांडलं. एक लाकडी आणि एक पितळी असे दोन रूळ, आणि एका रुळावरून दुसऱ्यावर गुंडाळली जाणारी तार. त्याला त्यांनी नाव दिलं ऱ्हिओस्टॅट. हा झाला हाताने फिरवायचा लोड.

बल्ब, मिठाचं पाणी आणि लोड बॉक्स

मोठे जनरेटर आले तसे लोडही मोठे झाले. पिंपात किंवा टाकीत मिठाचं पाणी, त्यात दोन धातूच्या पट्ट्या. पट्ट्या जितक्या खोल बुडवाल तितका प्रवाह जास्त. पाणी गरम होतं, वाफ उडते आणि जनरेटरची परीक्षा होते. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिन दुरुस्त झालं की ते गाडीला जोडण्याआधी 'लोड बॉक्स'वर तपासतात. जागच्या जागी उभ्या इंजिनाची सगळी वीज तिथे उष्णता करून घालवतात. आणि गल्लीतल्या इन्व्हर्टर दुरुस्तीच्या दुकानात? शंभर वॅटचे बल्ब ओळीने लावलेली फळी. भारतात बल्बएवढा स्वस्त लोड दुसरा नव्हता.

पण बल्ब हा लहरी परीक्षक आहे. बल्बची तार थंड असताना तिचा रोध तापलेल्या अवस्थेच्या साधारण दहाव्या भागाएवढाच असतो. म्हणजे लावल्याक्षणी तो भरमसाट प्रवाह खेचतो, मग शांत होतो. साध्या रोधाचीही अडचण आहेच. बॅटरी उतरत गेली की व्होल्टेज कमी होतं, त्याबरोबर प्रवाहही कमी होतो. परीक्षक विद्यार्थी दमलेला पाहून प्रश्न सोपे करत जातो!

बॅटरीच्या बाबतीत हे विशेष नडतं. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये शिसे-आम्लाच्या बॅटरीबद्दल दाखवून दिलं की तिच्यातून वीज जितक्या वेगाने काढाल, तितकी एकूण वीज कमी मिळते. म्हणून बॅटरीची क्षमता सांगताना ती किती तासांत रिकामी केली हेही सांगावं लागतं. आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर 'सी २०' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हा. दीडशे एएच, सी २० म्हणजे साडेसात अँपियरने २० तास. तीच बॅटरी ५० अँपियरने वापरली तर तीन तास चालेल, असं कोणी समजू नये. आणि साडेसात अँपियर म्हणजे पहिल्या तासाला साडेसात आणि विसाव्या तासालाही साडेसातच. हे बल्बला जमत नाही. त्यासाठी स्वतःवर लक्ष ठेवणारा लोड हवा.

स्वतःवर लक्ष ठेवणारा लोड

ही युक्ती एका बोटीवर सुचली. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी बेल लॅब्जचे अभियंते हॅरल्ड ब्लॅक हडसन नदी ओलांडून कामाला निघाले होते. टेलिफोनच्या अँप्लिफायरमध्ये येणारी विकृती कशी घालवावी, हा त्यांचा जुना प्रश्न. बोटीवर त्यांना उत्तर सुचलं आणि हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या कोऱ्या राहिलेल्या पानावर त्यांनी ते लिहून काढलं. बाहेर पडलेल्या संकेताचा काही भाग परत आणून मूळ संकेतातून वजा करायचा आणि उरलेल्या फरकावर यंत्र चालवायचं. याला ऋण प्रतिभरण किंवा निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. याच तत्त्वावर पुढे ऑप-अँप आला. 'ऑपरेशनल अँप्लिफायर' हे नाव जॉन रागाझिनी आणि सहकाऱ्यांच्या १९४७ च्या निबंधातलं. आधी तो निर्वात नळ्यांचा होता, १९६० च्या दशकात बॉब विडलर यांच्यासारख्यांनी तो सिलिकॉनच्या चिपवर उतरवला आणि १९७० च्या दशकात एका चिपमध्ये चार ऑप-अँप असलेली एलएम ३२४ आली. ती आजही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर, चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर आणि दिल्लीच्या लजपतराय मार्केटमध्ये मिळते, चहा-वड्याच्या किमतीत.

दुसरा भाग मॉसफेटचा. १९५९ मध्ये बेल लॅब्जमध्येच इजिप्तमधून आलेले मोहम्मद अटाला आणि कोरियातून आलेले डॉन कांग यांनी तो घडवला. मोठे प्रवाह पेलणारे पॉवर मॉसफेट १९७० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात रुळू लागले. मॉसफेटच्या गेटवर व्होल्टेज कमी-जास्त केलं की त्यातून वाहणारा प्रवाह कमी-जास्त होतो. म्हणजे हा व्हीटस्टनचाच ऱ्हिओस्टॅट, फक्त तो फिरवायला हात लागत नाही.

आता दोन्ही जोडा. मॉसफेटच्या खाली ०.१ ओहमचा एक रोध लावा. त्यातून २ अँपियर वाहिले तर त्यावर ०.२ व्होल्ट दिसतील. ऑप-अँपच्या एका पायावर हे ०.२ व्होल्ट आणा, दुसऱ्या पायावर आपल्याला हवं असलेलं व्होल्टेज द्या आणि त्याचा आउटपुट मॉसफेटच्या गेटला जोडा. प्रवाह कमी पडला की ऑप-अँप गेट उघडतो, जास्त झाला की आवळतो. बॅटरी दमली तरी प्रवाह तसाच राहतो. कागदावर एवढंच सर्किट आहे. प्रत्यक्षात मॉसफेटच्या गेटची धारकता मोठी असते, आयआरएफ ५४० एन या लोकप्रिय मॉसफेटची सुमारे २००० पिकोफॅरड. त्यामुळे सर्किट डुलू लागतं. गेटच्या वाटेवर एक छोटा रोध आणि फीडबॅकमध्ये छोटा कपॅसिटर घालून ते शांत करावं लागतं.

डेटाशीटही दावाच

आता जूलसाहेब परत येतात. १२ व्होल्ट आणि २ अँपियर म्हणजे २४ वॅट. ही सगळी वीज मॉसफेटमध्ये उष्णता होते. डेटाशीट सांगतं, आयआरएफ ५४० एन १३० वॅट पेलतो. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: मॉसफेटची पाठ २५ अंशांवर असेल तर. हिशेब करू. मॉसफेटच्या आतून पाठीपर्यंत दर वॅटला १.१५ अंश, मधल्या अभ्रकाचे साधारण ०.५, आणि मध्यम हीटसिंकचे १.५. बेरीज सुमारे ३.१५. २४ वॅटला तापमान ७६ अंशांनी वाढतं. नागपूरचा मे महिना धरा, खोलीत ४५ अंश. आत झाले १२१. मर्यादा १७५ ची, म्हणजे चाललं. पण १३० वॅट घातले तर वाढ चारशे अंशांवर जाते, आणि मॉसफेट कधीच मेलेला असतो. जी सवय आपण अडॅप्टरच्या लेबलाला लावतो, तीच सवय आपल्या स्वतःच्या सुट्या भागांनाही लावावी लागते.

आणखी एक सापळा आहे. आजचे बरेच नवे मॉसफेट झटकन चालू-बंद करण्यासाठी बनवलेले असतात. त्यांना अर्धवट उघडं ठेवलं की आतला जो कोपरा जास्त तापतो, तोच जास्त प्रवाह ओढतो, म्हणून आणखी तापतो, आणि तेवढा ठिपका जळतो. म्हणून लोडसाठी जुन्या धाटणीचे, डेटाशीटमध्ये डीसीची सुरक्षित मर्यादा स्पष्ट दाखवणारे मॉसफेट निवडावेत. चार मॉसफेट एकत्र लावायचे असतील तर प्रत्येकाला स्वतःचा ०.१ ओहमचा रोध आणि स्वतःचा ऑप-अँप द्यावा. एलएम ३२४ मध्ये नेमके चार असतात. साडेसात अँपियर चौघांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला १.८७५ अँपियर आणि साधारण साडेबावीस वॅट येतात. आपल्या हिशेबात बसतात. मात्र प्रत्येकाला स्वतंत्र हीटसिंक हवा, आणि वर पंखा.

हुकूम ऐकणारा लोड

आता 'प्रोग्रॅमेबल' या शब्दाकडे येऊ. उपकरणांना तारेवरून हुकूम द्यायची पद्धत ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने आपल्या प्रयोगशाळेतल्या यंत्रांसाठी काढली आणि १९७५ मध्ये ती आयट्रिपलई ४८८ या नावाने मानक झाली. त्यानंतर मोठ्या कारखान्यांतले लोड संगणकाच्या सांगण्यावरून परीक्षा घेऊ लागले. पण ती यंत्रं कारखान्यांची होती. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावात आर्दुइनो हा स्वस्त बोर्ड विद्यार्थ्यांसाठी तयार झाला आणि ही सोय घरी आली. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डेव्ह जोन्स यांनी साधा कॉन्स्टंट करंट लोड कसा बांधायचा ते व्हिडिओत दाखवलं आणि जगभर कितीतरी जणांनी तो बांधला.

आपल्या लोडमध्ये आर्दुइनो एका १२ बिटच्या डॅकला आकडा देतो. डॅक म्हणजे आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप. १२ बिट म्हणजे ४०९६ पायऱ्या. पूर्ण पल्ला १० अँपियरचा ठेवला तर एक पायरी साधारण अडीच मिलिअँपियरची. दुसरी चिप बॅटरीचं व्होल्टेज वाचते. आता प्रोग्रॅम हवं ते मागू शकतो. प्रवाह स्थिर ठेव. किंवा रोध असल्यासारखं वाग. किंवा वॅट स्थिर ठेव, म्हणजे व्होल्टेज घसरलं की प्रवाह वाढव. लॅपटॉप, राउटर यांच्यासारखी बरीच आधुनिक उपकरणं साधारण तशीच वागतात, आणि कमकुवत अडॅप्टर तिथेच उघडा पडतो.

न्याय दोन्ही बाजूंना

आता आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीकडे परत जाऊ. वॉरंटीत ती लवकर उतरू लागली की दुकानदार काय करतो? हायड्रोमीटरने आम्लाची घनता पाहतो आणि काटा असलेला जाड चिमटा काही सेकंद लावतो. काटा हिरव्यात राहिला की "बॅटरी ठीक आहे, घेऊन जा." त्या चिमट्याने बॅटरी क्षणभर मोठा प्रवाह देते की नाही ते कळतं. ती २० तास टिकते की नाही, ते कळत नाही. ग्राहकाची तक्रार दुसऱ्या प्रश्नाची आणि परीक्षा पहिल्या प्रश्नाची. वाद तिथेच संपतो आणि माणूस हात हलवत घरी येतो.

आपला लोड दुसरा प्रश्न विचारतो. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीतून साडेसात अँपियर काढत राहतो, दर सेकंदाला नोंद करतो आणि व्होल्टेज १०.५ वर आलं की थांबतो. १४ तास चालली, तर दीडशेच्या जागी १०५ एएच. हा आकडा आणि सोबतचा आलेख घेऊन बोलायला गेलं की बोलणं वेगळ्या पातळीवर होतं.

पण परीक्षा समोरच्यावर अन्याय करणारी नको. साडेसात अँपियर वाहताना तारेत ०.१ ओहम असला तरी ०.७५ व्होल्ट तारेतच जातात. व्होल्टेज लोडच्या टोकाशी मोजलं तर धडधाकट बॅटरीही वेळेआधी नापास होईल. याचा उपाय विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन यांनी १८६१ मध्येच दिला आहे. प्रवाह नेणाऱ्या दोन तारा वेगळ्या, आणि मोजणाऱ्या दोन तारा वेगळ्या, थेट बॅटरीच्या टोकांना. मोजणाऱ्या तारांतून जवळपास प्रवाहच नाही, म्हणून त्यांत घटही नाही. शिवाय बॅटरी नवी असेल तर काही वेळा चार्ज-डिस्चार्ज करूनच निकाल सांगावा. वीस तासांच्या आकड्याची तुलना वीस तासांच्या परीक्षेशीच करावी, पाच तासांच्या नाही.

हेच पॉवर बँकचं. डब्यावर १०,००० मिलिअँपियर-तास असं मोठ्या अक्षरात असतं. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. बाहेर ५ व्होल्ट येतात, तेव्हा तो गणितानेच ७,४०० होतो, आणि रूपांतरात थोडी वीज गेली की सहा-साडेसहा हजार उरतात. एवढं मिळालं तर पॉवर बँक प्रामाणिक आहे. तीन हजार मिळाले तर नाही. हा फरक लोडशिवाय कसा कळणार?

आपल्याकडे २०१२ च्या सरकारी आदेशानंतर अडॅप्टरसारख्या वस्तूंना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची झाली, ती मुख्यतः सुरक्षिततेसाठी. प्रयोगशाळेत तपासला जातो तो नमुना. आपल्या हातात येतो तो दुसरा नग. त्या नगाची परीक्षा कोणीतरी घ्यायची असेल, तर ती आपल्यालाच घ्यावी लागते.

बांधणाऱ्यांसाठी चार सूचना, आणि या कृपया हलक्यात घेऊ नका. हा लोड फक्त डीसी आउटपुटला लावायचा, भिंतीतल्या प्लगला कधीही नाही. बॅटरीच्या टोकाजवळच फ्यूज हवा. बॅटरी उलटी जोडली तर मॉसफेटमधला डायोड सरळ शॉर्ट करतो, तेव्हा फ्यूज हाच वाचवतो. लोडच्या नियंत्रणाचा पॉवर सप्लाय वेगळा ठेवा, तपासायच्या बॅटरीवर चालवू नका. आणि वीस तासांची परीक्षा मोकळ्या हवेच्या जागी करा. कोणीतरी अधूनमधून पाहील अशी सोय ठेवा. हीटसिंकवर तापमान मोजणारा सेन्सर लावला आणि मर्यादा ओलांडली की लोड आपोआप बंद होईल असं प्रोग्रॅममध्ये लिहिलं, तर उत्तमच.

प्रोनीचा ब्रेक इंजिन विकत घेणाऱ्याच्याही उपयोगाचा होता. मधल्या काळात ही परीक्षा प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत गेली, आणि वापरणाऱ्याकडे उरलं फक्त लेबल. चार मॉसफेट, एक एलएम ३२४ आणि एक आर्दुइनो यांनी ती परत आपल्या टेबलावर आणली आहे. तुमच्या गावातल्या एखाद्या दुरुस्तीवाल्याने, आयटीआयने किंवा शाळेच्या विज्ञान मंडळाने असा एक लोड बांधून ठेवला, तर सगळ्या गल्लीच्या बॅटऱ्या त्यावर तपासता येतील. पुढच्या भागात आपण मल्टीमीटरचाच इतिहास पाहू, कारण परीक्षकाचीही कधीतरी परीक्षा घ्यावी लागते. तोपर्यंत नमस्कार.